पहिलं लाकडी बाकडं स्वतः करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकूडकाम शिकायची इच्छा असते, एखाददोन हत्यारंही घरात असतात, पण पहिली वस्तू कोणती आणि ती कुठून सुरू करायची इथेच घोडं अडतं. नवशिक्यांकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी उत्तरं एकाच वस्तूभोवती आहेत, ती म्हणजे दोन माणसं बसतील असं साधं बाकडं. समोर एक ठरावीक वस्तू असली की सांगणंही सोपं जातं आणि करणंही.

पहिली वस्तू बाकडंच का? खुर्ची किंवा कपाट का नको?

खुर्चीत बरेच सांधे काटकोनात नसतात. शिवाय माणूस मागे रेलला की सगळा ताण पाठीच्या दोन जोडांवर येतो. कपाटाला दारं आणि खण असतात आणि तिथे दोन मिलिमीटरची चूकही रोज नजरेला खुपते. बाकड्यात मापं घेणं, काटकोनात कापणं, खाच पाडणं, रंधा मारणं, चिकटवणं, पॉलिश करणं असं सगळं येतं, पण तुकडे मोजकेच असतात.

मी सुचवतो ते बाकडं असं: वरची फळी ८० सेंटिमीटर लांब, २६ रुंद. दोन पाय, तेही फळीचेच, २३ सेंटिमीटर रुंद आणि ४१ उंच. दोन्ही पायांना जोडणारी ६८ सेंटिमीटर लांब, १० रुंद अशी एक आडवी पट्टी, जी उभ्या कडेवर वरच्या फळीला खालून चिकटते. पाय टोकांपासून १२ सेंटिमीटर आत. सगळ्याची जाडी २० मिलिमीटर. म्हणजे बैठकीची उंची ४३ सेंटिमीटर होते आणि बहुतेक मोठ्या माणसांचे पाय जमिनीला नीट टेकतात. याशिवाय फळी खालून धरायला आठ-आठ सेंटिमीटरचे चार छोटे ठोकळे लागतील, त्यांचं काम पुढे येईलच.

किती वेळ लागेल?

सुट्टीचे तीन-चार दिवस, लाकूड आणून खोलीत ठेवायचे दिवस वेगळे. हात चालतात त्याहून जास्त वेळ गोंद आणि पॉलिश वाळण्यात जातो.

कोणती हत्यारं घ्यायचीच लागतील?

एक चांगली हातकरवत, एक रंधा, दोन पटाश्या (एक १२ मिलिमीटरची, एक २० च्या आसपासची), लाकडी हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या, पोलादी पट्टी, धारदार चाकू, ड्रिल, गोल कानस, तुकडे आवळून धरणारे चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. एवढ्यात बाकडं पुरं होतं. विजेवर चालणारी करवत किंवा रंधा असेल तर वेळ वाचेल, पण पहिल्या वस्तूला हातहत्यारंच बरी असं माझं ठाम मत आहे. हाताने कापताना लाकूड कुठे अडतंय, कुठे फाटतंय हे मनगटाला कळतं. यंत्रावर ते कळायच्या आत तुकडा कापून झालेला असतो.

पैसे वाचवायचे तर हत्यारांच्या संख्येत वाचवा, पण गुण्या आणि धारेचा दगड यांच्या बाबतीत हात आखडू नका. गुण्या घेताना तिथेच तपासून घ्या. सरळ कडेच्या फळीला तो टेकवून एक रेघ मारा, मग उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

लाकूड कोणतं घ्यावं?

पाइन मऊ असतं, पटकन कापलं जातं, हलकं असतं. पण त्यावर नखाचाही वण उठतो आणि बोथट पटाशीखाली ते कापलं न जाता चेपतं. सागवान टिकाऊ, कमी वाकणारं, रंध्याखाली देखणं. मात्र त्यात सिलिका असल्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते आणि अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून चिकटवायची बाजू ताजी रंधलेली हवी किंवा आयत्या वेळी स्पिरिटच्या फडक्याने पुसलेली हवी. पहिल्या वस्तूला दोन्ही चालतील. मला विचाराल तर आधी पाइनचं बाकडं करा, सांधे त्यात शिका, आणि मग तेच बाकडं सागवानात पुन्हा करा.

जातीपेक्षा समोरची फळी कशी आहे हे मी आधी बघतो. फळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि एक डोळा मिटून कडेवरून नजर टाका. कमान आहे का, पीळ पडलाय का ते लगेच दिसतं. थोडी कमान रंध्याने निघते. पीळ पडलेली फळी सरळ करता करता २५ मिलिमीटरची १५ वर येते, तेव्हा ती परत ठेवा. मग फळीचं टोक बघा. तिथे वाढीची वलयं दिसतात. वलयं जाडीत जवळजवळ उभी असतील तर ती फळी शांत राहते. धनुष्यासारखी आडवी असतील तर वाळताना ती वलयं सरळ व्हायला बघतात आणि फळी उलट्या बाजूला वाटीसारखी वळते. सैल, काळ्या कडेच्या गाठी टाळा. घट्ट बसलेली गाठ चालेल, पण सांध्याच्या जागी तीही नको.

लाकूड वाळलेलं आहे हे कसं ओळखू?

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. घरात वापरायच्या सामानाला साधारण ८ ते १२ टक्के आर्द्रता असलेलं लाकूड बरं, हवा फार दमट असेल तर थोडी जास्त चालते. यंत्र नसेल तर फळीच्या मधल्या भागातून एक पातळ काप काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याचं वजन लिहून ठेवा. चार-पाच दिवस वजन उतरत राहिलं तर फळीत अजून पाणी आहे.

आणि वाळलेलं असलं तरी आणल्या दिवशी कापू नका. जिथे बाकडं राहणार त्याच खोलीत, फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी रचून दोन आठवडे ठेवा.

प्लायवूड चालेल का?

चालेल, पण मग ही वस्तू वेगळी होते. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं फुगत-आकसत नाही आणि रुंद कपाटांना उत्तम असतं. मात्र कडांना स्क्रू नीट धरत नाही, रंधा मारता येत नाही आणि कडा झाकाव्या लागतात. लाकूड शिकायचं असेल तर सबंध लाकूड घ्या.

लाकूड "हलतं" असं म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

हा प्रश्न समजला की अर्धं लाकूडकाम समजलं, म्हणून इथे थोडं थांबतो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. हवेतला दमटपणा वाढला की या नळ्यांच्या भिंती पाणी घेतात आणि फुगतात, हवा कोरडी झाली की आकसतात. नळ्या लांबीला वाढत नाहीत, जाडीला वाढतात. म्हणून फळीची लांबी जवळजवळ तशीच राहते आणि रुंदी बदलते. तीही सगळीकडे सारखी नाही, वलयांच्या रेषेत होणारा बदल वलयांना छेदून होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वलयांच्या रेषेत ५.८ टक्के आणि छेदून २.५ टक्के आकसतं, आणि सागवान तर शांत लाकडात मोडतं. आपल्या २६ सेंटिमीटरच्या फळीची आर्द्रता वर्षभरात चार टक्क्यांनी वरखाली झाली तर ती सुमारे २ मिलिमीटरने रुंद-अरुंद होईल. पॉलिशने हा वेग कमी होतो, पण बदल थांबत नाही.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्या टेबलाच्या फळीखाली मी एक जाड आडवी पट्टी गोंद आणि सहा स्क्रू लावून पक्की बसवली होती. मजबूत व्हावं म्हणूनच. पाच महिन्यांनी, हवा कोरडी पडल्यावर, रात्री एकदा फाडकन आवाज आला. सकाळी पाहिलं तर फळीला टोकापासून वीतभर चीर गेली होती. फळी आकसू पाहत होती आणि पट्टी तिला हलू देत नव्हती. त्या चिरेतून बोट फिरवताना मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून बाकड्याची रचनाच अशी घेतली आहे की तुकडे एकमेकांशी भांडणार नाहीत. पायांच्या रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा दाखवणाऱ्या) उभ्या आहेत, म्हणजे पायही रुंदीतच फुगतो, वरची फळीही त्याच दिशेने फुगते, दोघं बरोबर हलतात. मधली पट्टी आणि फळी दोन्हींच्या रेषा लांबीच्या दिशेने आहेत, म्हणून त्या गोंदाने खुशाल चिकटवता येतात. उरले ते फळी आणि पाय यांच्या कोनात, पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसणारे चार छोटे ठोकळे. त्यांच्या रेषा फळीला आडव्या येतात, तेव्हा तिथे गोंद लावायचा नाही. प्रत्येक ठोकळ्यात मधल्या पट्टीजवळचं भोक गोल ठेवा आणि बाहेरच्या बाजूचं भोक रुंदीच्या दिशेने लांबट करा. दोन भोकं शेजारी पाडून मधला भाग गोल कानशीने काढला की झालं. स्क्रू त्या लांबट भोकात सरकतो, फळी धरलेलीही राहते आणि मोकळीही.

मापं बरोबर घेतो, तरी तुकडे जुळत नाहीत. का?

बहुतेक वेळा तीन कारणं असतात.

पहिलं, रेघ जाड असते. पेन्सिलीच्या रेघेलाही अर्धा मिलिमीटर जाडी असते. सांध्याच्या जागी चाकूने रेघ ओढा. चाकू तंतू कापतो, त्यामुळे करवतीला आणि पटाशीला टेकायला एक बारीक कड मिळते आणि दर्शनी बाजू फुटतही नाही.

दुसरं, करवतीच्या पात्याची जाडी लक्षात घेतलेली नसते. करवत एक-दीड मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकते. ते टाकाऊ बाजूने गेलं पाहिजे. रेघेच्या टाकाऊ बाजूला आधीच फुली मारून ठेवा आणि कापताना रेघ अर्धी शिल्लक राहिली पाहिजे असं बघा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक तुकडा वेगवेगळा मोजलेला असतो. दोन्ही पाय ४१ सेंटिमीटर मोजून वेगवेगळे कापले तर ते सारखे येणार नाहीत. दोन्ही एकमेकांना क्लॅम्प करा, एकदाच मापा, चाकू दोघांवरून एकदम न्या आणि कापल्यावर टोकंही एकत्रच रंधून घ्या. खाचेची रुंदी पट्टीवर मोजायचीच नाही. जी आडवी पट्टी त्यात बसणार ती प्रत्यक्ष तिथे ठेवून तिच्या दोन्ही कडांना चाकू लावा. पट्टी कागदावर २० मिलिमीटर असली तरी रंधल्यावर ती १९.६ झालेली असते, आणि खाच त्या १९.६ ची हवी.

प्रत्येक तुकड्याची एक चांगली बाजू आणि एक चांगली कड आधी सपाट-सरळ करून त्यावर खूण करा. त्यानंतर गुण्या नेहमी त्याच बाजूंना टेकवायचा.

करवत रेघ सोडून जाते.

मूठ फार घट्ट धरली जाते हे नेहमीचं कारण. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवा, कोपर आणि खांदा करवतीच्या रेषेत आणा आणि दाब देऊ नका, करवतीचं वजन पुरतं. कापायला आणि रेघ बघायला पुरेसा उजेड हवा. पहिले वीस-तीस काप टाकाऊ तुकड्यावरच करा.

रंधा मारताना लाकूड उपटून निघतं, गुळगुळीत होत नाही.

दोनच गोष्टी तपासा, दिशा आणि धार.

फळीच्या कडेला रेषा बघा. त्या तिरप्या चढत असतील तर चढत्या दिशेनेच रंधा मारायचा. मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तसं आहे हे, एका बाजूने केस बसतात, दुसऱ्या बाजूने उभे राहतात. गाठीपाशी रेषा दिशा बदलतात, तिथे पातं अगदी कमी बाहेर काढा आणि रंधा थोडा तिरका धरा.

धार नसेल तर मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी शेवटी धारेपाशीच येऊन थांबतात, हे मी कितीदा पाहिलं आहे. रंध्याच्या आणि पटाशीच्या पात्याला २५ अंशांचा उतार असतो आणि अगदी टोकाला ३० अंशांची धार काढतात. सपाट दगडावर पाणी किंवा दगडाला मानवेल ते तेल घाला, पातं एकाच कोनात धरून घासत राहा, पाठीच्या बाजूला बोट लावून बघा. पूर्ण रुंदीभर बारीक खरखरीत कंगोरा जाणवला की पातं उलटं करून पाठ दगडावर सपाट ठेवा आणि तो कंगोरा उतरवा. मग बारीक दगडावर तेच पुन्हा. पाइनच्या टोकावर पटाशी दाबून बघा. चकचकीत, अखंड काप निघाला तर धार आली. भुकटी झाली तर परत दगडाकडे. चांगल्या धारेचा रंधा चालतो तेव्हा आवाजच वेगळा येतो, कापड फाडल्यासारखा लांब सूर, आणि तोंडातून कागदासारखा सलग कीस गुंडाळत बाहेर पडतो.

मधली पट्टी आणि पाय यांचा सांधा नेमका कसा करायचा?

अर्ध्यात अर्धा. पट्टी १० सेंटिमीटर रुंद आहे. पायाच्या वरच्या कडेला मधोमध ५ सेंटिमीटर खोल खाच, पट्टीच्या खालच्या कडेलाही ५ सेंटिमीटर खोल खाच. दोन्ही एकमेकांत बसल्या की वरच्या कडा एका पातळीत येतात.

पट्टीतली खाच सोपी. दोन्ही बाजूच्या रेघांवर करवतीने ५ सेंटिमीटर खोल जा, मध्ये आणखी दोन-तीन काप घ्या. मग पटाशी आडवी लावून ठोकली की मधले तुकडे रेषेवरून फुटून पडतात. आधी तळापासून दोन मिलिमीटर वरच राहा, फळी उलटून दुसऱ्या बाजूनेही तेवढंच करा, आणि शेवटचा थर हाताच्या दाबाने तासून काढा. एकाच बाजूने आरपार ठोकलं तर पलीकडची कड फुटते.

पायातली खाच रेषांच्या दिशेने आहे, तिथे तळ आपोआप फुटणार नाही. तळाच्या रेघेच्या वर ओळीने भोकं पाडा, दोन्ही बाजूंनी करवतीने खाली या, तुकडा निघून येईल. उरलेलं पटाशीने, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं.

सांधा किती घट्ट हवा? हाताने दाबून निम्मा जावा आणि लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी उरलेला बसावा. हातोडा जोरात मारावा लागत असेल तर पाय खाचेपासून खाली चिरेल. कुठे अडतंय ते बघायला खाचेच्या आत पेन्सिल घासा, सांधा बसवून काढा, जिथे काळा डाग पुसलेला किंवा पलीकडे उमटलेला दिसेल तेवढंच तासा.

गोंद, स्क्रू की खिळे?

बाकड्यात गोंद आणि स्क्रू. पांढरा लाकडी गोंद तंतूंच्या बाजूला लाकडापेक्षा मजबूत धरतो, पण टोकाच्या बाजूला, जिथे नळ्या उघड्या असतात, तो कमजोर पडतो. स्क्रूचंही तसंच, टोकात मारलेला स्क्रू तंतूंच्या मधून सहज उपटतो. म्हणूनच वरून फळीतून पायाच्या टोकात स्क्रू मारायचे नाहीत, ठोकळे वापरायचे.

स्क्रूसाठी आधी भोक पाडा, आटे वगळून स्क्रूचा जो गाभा असतो तेवढ्या जाडीचं. स्क्रू आधी ज्या तुकड्यातून जातो त्यात भोक मोकळं, ज्यात शेवटी रुततो त्यात घट्ट.

गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जोडून बघा, क्लॅम्पसकट. नंतर धावपळ नको, कारण दहा-पंधरा मिनिटांत गोंद ओढायला लागतो. क्लॅम्प आवळल्यावर सांध्यातून बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की गोंद पुरेसा. तासाभराने क्लॅम्प काढता येतात, पूर्ण जोर २४ तासांनी येतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने फासू नका, तो तंतूंत शिरून पॉलिशखाली पांढरट डाग देतो. रबरासारखा झाला की पटाशीने उचलून काढा.

बाकडं डुगडुगतं आहे.

घाईने एकेक पाय कापत बसू नका. आपल्याला नक्की सपाट माहीत आहे अशा पृष्ठभागावर बाकडं ठेवा. डुगडुगणाऱ्या बाजूखाली पातळ चकत्या सरकवून ते स्थिर करा आणि फळी चारी कोपऱ्यांना सारख्या उंचीवर आहे ना ते मोजा. एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून तो ठोकळा पायांभोवती फिरवा, सगळ्यांवर सारख्या उंचीची रेघ उमटेल. तेवढं कापा. पायाच्या खालच्या कडेला मधोमध उथळ कमान काढलीत तर जमिनीला फक्त दोन टोकं टेकतील आणि ही अडचण बरीच कमी होईल.

सँडपेपर कोणत्या नंबरचे?

१२०, १८०, २२०. रंधा चांगला बसला असेल तर ८० ची गरज नाही. नेहमी रेषेच्या दिशेने घासा, आडवं घासलेलं पॉलिशनंतर ठळक दिसतं. १८० नंतर ओलं फडकं फिरवा, तंतू उभे राहतील, वाळले की २२० ने उतरवा.

पॉलिश कोणतं सोपं?

तेल. दुकानात 'उकळलेलं' (बॉइल्ड) म्हणून मिळणारं जवसाचं तेल फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, दिवसभर वाळू द्या, असे तीन हात. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. लाखेचं पॉलिश झळाळी सुरेख देतं, पण ओल्या पेल्याचं वर्तुळ त्यावर उमटतं. रोजच्या ओलाव्याच्या जागी व्हार्निश बरं.

तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं ठिणगीशिवाय स्वतःहून पेटू शकतं. ते उघड्यावर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि ऐकलं का ते पुन्हा विचारतो.

बाकी काळजी काय घ्यावी?

पटाशीच्या पुढे दुसरा हात कधीही नको. तुकडा क्लॅम्पने धरा, दोन्ही हात पटाशीवर. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोर लावला की ती निसटते, म्हणून धार हीसुद्धा सुरक्षितताच आहे. लाकडाचा बारीक भुसा ज्यांच्यामुळे कर्करोग होऊ शकतो अशा पदार्थांत मोडतो. सँडपेपर मारताना तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चश्मा, खिडकी उघडी.

सांध्यात फट राहिली. सगळं टाकून द्यावं लागेल?

नाही. त्याच फळीच्या तुकड्यातून पाचरीसारखी पातळ पट्टी काढा, रेषा जुळवून गोंद लावून फटीत बसवा, वाळल्यावर तासून घ्या. भुसा आणि गोंद कालवून भरलेली फट पॉलिशनंतर काळपट दिसते, पट्टी तशी दिसत नाही.

झाल्यावर पुढे काही बघायचं असतं का?

हो. एकदा दमट दिवसांत आणि एकदा कोरड्या दिवसांत बाकडं उलटं करा. ठोकळ्यांचे स्क्रू अर्धा आटा सैल झाले असतील तर आवळा, पण लांबट भोकातले गच्च करू नका. फळीच्या कडेपासून पायापर्यंतचं अंतर दोन्ही वेळा मोजून पायाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा.